रंग ओला आहे

ही गोष्ट खरी आहे.

मला ओळखणारे आधीच हसतील. कारण मी आयुष्यभर लोकांच्या चपला लपवल्या, लग्नात नवरदेवाच्या घोड्याला भलत्याच गल्लीत नेलं, एका जावयाला मिठाचा चहा पाजला. माझ्या तोंडून खरी गोष्ट ऐकायची कुणाला सवयच नाही.

पण ही खरी आहे. ही माझ्या आईच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडली. हिलालमामाच्या.

आणि एक सांगून ठेवतो. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, वैशाखाच्या उन्हात सुरू झालं... आणि थंडीतल्या एका लख्ख दुपारी...

असो. ओळीनं सांगतो.

साल एकसष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, सगळा मुलूख धुळ्यात मोडायचा. खापरच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक झिरा, म्हणजे झरा, होता. बारमाही पाणी, आंब्याची आणि महूची, म्हणजे मोहाची, मोठी झाडं. बाजाराला जाणारे तिथे बैलगाड्या सोडायचे, शाळांच्या सहली यायच्या, मुक्काम पडायचे. लोक त्याला झिरीचा तळ म्हणायचे.

नवीन राज्य झालं तशा सगळीकडे मराठी पाट्या लागायला लागल्या. तळावरही नियमांची पाटी लावायचं ठरलं. शहाद्यात अक्षर म्हटलं की हिलाल पेंटर. त्यामुळे काम मामाकडे आलं.

मामा तेव्हा तिशीचा. अक्षर मोत्यासारखं आणि डोकं सैतानाचं. 'येथे दाढी करून मिळेल' या पाटीवर त्यानं न्हाव्याला न विचारता 'उधारीत अर्धीच' असं लिहून ठेवलं होतं. न्हावी महिनाभर भांडत होता.

तर मामा आणि त्याचा दोस्त युसुफ सकाळीच तळावर पोचले. युसुफ लाकूड वाहणारी ट्रक चालवायचा, त्या रस्त्यानं त्याची येजा असायची. निळा पत्रा आधीच खांबांवर ठोकलेला होता. अगदी रस्त्याच्या तोंडाशी, उघड्यावर. झाडं मागे, बरीच लांब.

तळाला एक रखवालदार नेमलेला होता. सुकराम. जवळच्या पाड्यावरचा म्हातारा भिल्ल. अंगात खाकी सदरा, खाली लंगोटी, हातात काठी. वाचता येत नव्हतं. म्हणून कचेरीतल्या कारकुनानं मामाला बजावलं होतं, "नियम लिहून झाले की त्याला वाचून दाखव, समजावून सांग."

दुपारपर्यंत मामानं पांढऱ्या तेलरंगात पाटी लिहून काढली. मग सुकरामला समोर उभं करून वाचून दाखवली.

झाडाची फांदी तोडू नये. झाडाखाली विडी ओढू नये. झऱ्यात अंघोळ करू नये, भांडी घासू नयेत. ठरल्या जागेशिवाय चूल पेटवू नये. साली, पत्रावळी टाकू नयेत. आरडाओरडा करू नये.

म्हातारा प्रत्येक नियमाला मान हलवत होता. ओठ हलवत होता. पाठ करत होता.

काम झालं. मामा आंब्याखाली जाऊन टेकला, विडी पेटवली.

सुकराम समोर येऊन उभा राहिला.

"भो, विडी नही. झाडखाले विडी नही."

मामानं विडी टाकायला हात उचलला.

"फेकू नको! खिसामा ठेव."

युसुफ खो खो हसायला लागला. मामानं विडी विझवून खिशात घातली. मग आंबा खाल्ला, साल टाकली. सुकराम आला. साल उचलायला लावली. मामा झऱ्यात पाय सोडून बसला. सुकराम आला.

"अरे बाबा, मी पाय धुई ऱ्हायनू, आंघोळ थोडी करी ऱ्हायनू!"

"पाय आंगलेच ऱ्हातस ना, भो?"

युसुफ हसून जमिनीवर लोळायला लागला. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. "आरडू नको," सुकराम युसुफलाही म्हणाला. "तो बी नियम शे."

दुसऱ्यांची फजिती करणाऱ्याची फजिती झाली की ती त्याला फार झोंबते. मला विचारा.

मामानं हात झटकले. पाटीपाशी गेला. एकदम गंभीर तोंड केलं आणि शेवटच्या ओळीखाली, कोऱ्या निळ्या पत्र्यावर, बोट ठेवलं.

"सुकराम बाबा, आखो एक नियम ऱ्हाई गया."

म्हातारा लगबगीनं आला.

"आयक. रंग सुकत नही तोलोंग रखवालदारनी पाटीपासून हलानं नही. पेंटर ईसन सांगी, तव्हयच उठानं."

म्हणजे, रंग वाळेपर्यंत पाटीजवळून हलायचं नाही. पेंटर येऊन सांगेल तेव्हाच उठायचं.

"असं लिखेल शे?"

"सरकारना हुकूम शे. ढोरं येतीन, आंग घासतीन, कोन जबाबदार?"

सुकरामनं त्या कोऱ्या जागेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाटीच्या पायाशी उन्हात मांडी घालून बसला. काठी मांडीवर आडवी.

"तू कव्हय येशी, भो?"

"संध्याकाळले."

"बरं. मी बठस."

ट्रक वळणाच्या पुढे जाईपर्यंत दोघांनी हसू दाबून धरलं होतं. मग जे फुटले, युसुफला ट्रक बाजूला घ्यावी लागली.

संध्याकाळी परत जायचं, त्याला सांगायचं, त्याचं तोंड बघायचं, असं खरंच ठरलं होतं. पण खापरला बाजार होता. ओळखीचे भेटले, जेवण झालं, गप्पा झाल्या. परस्पर शहाद्याला जाणारी गाडी मिळाली. मामा चढला.

रंग काय, आपोआप वाळतो. म्हातारा काय, आपोआप उठेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युसुफ शहाद्यात मगनशेठच्या चहाच्या दुकानात आला. मामा तिथेच बसलेला. युसुफ दारातूनच ओरडला,

"हिलाल! तुन्हा बुढा आजून बठेल शे!"

सगळं दुकान मामाकडे वळलं. मग काय, मामानं पहिल्यापासून गोष्ट सांगितली. सुकरामची मान हलवायची पद्धत करून दाखवली. पाय अंगालाच असतात ना, ते सांगितलं. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मगनशेठनं चहाचे पैसे घेतले नाहीत.

कुणीतरी म्हणालं, "अरे, कोणी जाऊन सांगा त्याला."

मामा म्हणाला, "बठू दे. रंग सुकाले टाइम लागस."

पुन्हा हशा.

त्यानंतर काही दिवसांनी युसुफ आला तेव्हा तो दारातून ओरडला नाही.

आत आला. मामाच्या समोर बसला. चहा मागितला नाही.

"गया तो."

"कोण?"

"बुढा. ऊन लागनं त्याले."

युसुफ खाली बघून बोलत होता. मध्ये एकदा तळावरून जाता जाता त्यानं ट्रक थांबवली होती. बाबा, ऊठ, घरी जा, म्हणाला होता. म्हातारा म्हणाला, तू पेंटर नाहीस. त्याची बायको ठुमलीबाई भाकर-पाणी आणून देत होती. डोक्यावर सावली करू म्हणून ती महूची फांदी तोडायला गेली...

तर तिला त्यानं तोडू दिली नाही.

फांदी तोडू नये. तो बी नियम शे.

मामानं त्या दिवसानंतर ती गोष्ट दुकानात पुन्हा सांगितली नाही. कुणी विचारलं तर, "वय झालं होतं त्याचं," एवढंच म्हणायचा. तळावर गेला नाही. पाड्यावर गेला नाही. पाऊस आला, गेला. दिवाळी झाली. मामाला वाटलं, संपलं.

थंडीत कचेरीतून बोलावणं आलं.

कारकून तापलेला होता. "कसला रंग लावलास रे? लोकांच्या तक्रारी येतात. सहलीला आलेल्या बायांची लुगडी खराब झाली. पाटीला हात लावला की हाताला रंग!"

"साहेब, वैशाखात लिहिलेली पाटी आहे. पावसाळा खाल्ला तिनं."

"मग मी खोटं बोलतो? आणि तो शेवटचा नियम कुणाला विचारून लिहिलास?"

मामानं मान वर केली.

"कोणता शेवटचा?"

"तोच, पेंटर येऊन सांगेल तो! सरकारी पाटी म्हणजे न्हाव्याचं दुकान समजलास? जा आणि पूस."

मामानं ती ओळ लिहिली नव्हती.

नुसतं बोट ठेवलं होतं.

तो युसुफला घेऊन निघाला. एकट्यानं जायची छाती झाली नाही. वाटेत युसुफ म्हणाला, हल्ली ड्रायव्हर लोक दुपारी तळावर थांबत नाहीत. झाडाखाली विडी पेटवली की विझते. वारा नसताना विझते. आणि पाटीजवळून गेलं की कोणीतरी हळूच सांगतं... अगदी अदबीनं...

"काय सांगतं?"

युसुफनं गियर बदलला.

दुपारी पोचले. ऊन लख्ख होतं, पण बोचत नव्हतं. ट्रकचं इंजीन बंद झालं आणि मामाला जाणवलं...

आवाज नाही.

एवढी झाडं, पण एक पाखरू बोलत नव्हतं. झिरा वाहत होता, डोळ्यांना दिसत होता... पण त्याचा खळखळाट ऐकू येत नव्हता.

सगळ्या तळावर पानगळीचा खच पडलेला. पाटीच्या पायाशी मात्र एक जागा स्वच्छ होती. एक पान नाही. माणूस मांडी घालून बसेल, तेवढीच.

मामा पाटीजवळ गेला. तेलाचा आणि टर्पेंटाइनचा ताजा वास आला. जसं काही सकाळीच काम झालंय.

खाली शेवटची ओळ होती.

अक्षर त्याचंच होतं. 'ळ' ची शेपटी तो डावीकडे वळवायचा, तशीच वळवलेली. त्यानं बोट टेकवलं. बोट पांढरं झालं.

मागे पावलं वाजली. मामा दचकून वळला.

ठुमलीबाई होती. हातात फडक्यात बांधलेली भाकर. मागे पाड्यावरची पाच-सहा माणसं, त्यांत गावचा पुजारा गोवाल. ट्रकचा आवाज ऐकून आली होती. तिनं भाकर त्या स्वच्छ जागेसमोर ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. रोज ठेवत असावी.

मग मामाकडे बघितलं.

"तूच ना पेंटर?"

मामानं मान हलवली.

"आम्ही तुन्ही वाट देखी ऱ्हायनूत."

गोवालनं सांगितलं. सुकरामचे दिवस पुरे झाले नव्हते. जेवण घातलं, पण पानाला कावळा शिवला नाही. तो घरी आलाच नाही. त्यांच्या पाड्यावर रिवाज होता, ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं. पंगत असो, पंचायत असो. बसवणाऱ्यानं 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठणं म्हणजे त्याचा अपमान. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याला किंमत नाही.

"सांग त्याले," ठुमलीबाई म्हणाली. "तुन्हंच आयकी तो. मंग घर येई."

एवढंच. तिला भरपाई नको होती, भांडण नको होतं. तिचा माणूस उन्हात बसलाय आणि तो घरी यावा, एवढंच तिला पाहिजे होतं.

मामाला सुटल्यासारखं वाटलं. एवढंच ना? तो ताठ उभा राहिला. कारकुनासारखा आवाज काढला.

"सुकराम रखवालदार! सरकारी हुकूम आहे. रंग वाळला. नियम रद्द झाला. आता तू जा."

सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

काहीच झालं नाही.

मग शेवटच्या ओळीतून रंगाचा एक थेंब सुटला. हळूहळू पत्र्यावरून ओघळत आला... आणि खालच्या स्वच्छ जागेत टपकला.

आणि मामाच्या अगदी जवळून, गुडघ्याच्या उंचीवरून, कोणीतरी अदबीनं बोललं.

"भो... रंग ओला शे."

युसुफ दोन पावलं मागे सरकला. त्यानंही ऐकलं होतं. ठुमलीबाईनं डोळे मिटले.

"लबाड बोलू नको त्याच्याशी," ती हळू म्हणाली. "त्याले दिसस ना रंग."

तिनं त्या ओळीकडे बोट केलं.

"हाऊ नियम सरकारना शे का?"

मामानं युसुफकडे बघितलं. युसुफ जमिनीकडे बघत होता. हो म्हणणं सोपं होतं. या सगळ्यांत वाचता येणारा तो एकटाच होता. पुन्हा एकदा.

मामानं पांढरं झालेलं बोट दुसऱ्या हातानं पुसलं.

"नही. नियम नव्हताच. मी... मस्करी करी."

मामाला वाटलं, आता काठ्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणायचा.

ठुमलीबाईला राग आला नाही. ती विचारात पडली. खरंच समजून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं,

"मंग हसनं कोन?"

"आँ?"

"मस्करी करी, तं हसनं कोन?"

"आम्ही. तठे... चहाना दुकानमा."

"आनि तो?"

"त्याले कोठे माहीत व्हतं?"

तिनं मान हलवली. अगदी सुकराम हलवायचा तशी.

"मंग त्याले सांग. तो बी हसी."

मामा आयुष्यात हजार लोकांसमोर गोष्टी रंगवून बोललेला माणूस. पण त्या दुपारी, त्या रिकाम्या जागेसमोर उकिडवा बसून, त्याला एक वाक्य जुळवता येईना. वर बघायची सोय नव्हती. तिकडे ठुमलीबाई होती.

"सुकराम बाबा," तो जमिनीला म्हणाला, "तू माले विडी ओढू दिनी नही. साल उचलाले लाई. युसुफ माले हसना. मन्हा जीव जळना. म्हणून मी... तुले वाचता येत नही, म्हणून मी... आठे काहीच लिखेल नव्हतं, बाबा. कोरा पत्रा व्हता. तू बठना आनि आम्ही... ट्रक थांबाडी थांबाडी हसनूत."

त्यानं दोन्ही हात जमिनीवर टेकले.

"एवढंच. यान्हामा हसासारखं काही नव्हतं. ऊठ, बाबा. मी उना. मी पेंटर. ऊठ आते."

शांतता.

कुठेच काही नाही. वारा नाही.

मग...

समोरून, त्या रिकाम्या जागेतून, हसू आलं.

म्हाताऱ्या माणसाचं. बारीक. आधी खोकला, मग हसू, मग पुन्हा खोकला. त्यात चीड नव्हती. त्याला गंमत वाटली होती असंही नाही. पाहुण्यानं काहीतरी सांगितलं, आपल्याला नीट कळलं नाही, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस हसतो ना...

तसं.

आणि एकदम झिऱ्याचा खळखळाट सुरू झाला. मागे कुठेतरी साळुंकी ओरडली. मोकळ्या जागेवर महूचं एक वाळकं पान येऊन पडलं.

मामानं वर बघितलं. शेवटची ओळ नव्हती. नुसता निळा पत्रा, पावसाळ्यानं विटलेला. वरची अक्षरंही जुनी, पोपडे धरलेली. हात लावला. कोरडं.

ठुमलीबाईनं भाकर उचलली, तांब्या उचलला. मामाकडे न बघता पाड्याच्या वाटेला लागली. थोडं अंतर गेल्यावर ती वाटेच्या एका कडेला झाली. जसं शेजारी कोणी चालत असेल आणि त्याला जागा द्यायची असेल...

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती.

मामा शहाद्याला आला. पुढे पुष्कळ पाट्या लिहिल्या. पण पाटी लिहून झाली की रंग वाळेपर्यंत तिच्या पायाशी उन्हात बसून राहायचा. लोक म्हणायचे, पेंटर वेडा झाला. तो बसायचा.

आणि दुकानात गोष्टी सांगणं बंद झालं.

एकदाच सांगायला गेला होता. जुना न्हाव्याचा किस्सा. 'उधारीत अर्धीच' पर्यंत आला. लोक हसणार, त्याच्या आधी...

त्याच्या पाठीमागे कोणीतरी खोकलं. मग बारीक हसलं. समजलं नसताना हसतात, तसं.

मागे भिंत होती.

मामा चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं कुणाला हसवलं नाही. माझी आई सांगायची, तिच्या लग्नात सगळे पोट धरून हसत होते, मामा मांडवाच्या बाहेर जाऊन उभा राहिला होता. कानांवर हात ठेवून.

झिरीचा तळ आज ओळखू येत नाही. रस्ता रुंद झाला, पाटी कधीच गेली.

ही गोष्ट मी आजवर कुणाला लिहून दिली नव्हती. आज लिहिली. सवय वाईट, त्यामुळे मध्ये थोडी गंमत आलीच. विडी खिशात ठेव म्हणतो ते... पाय अंगालाच असतात ते... ते लिहिताना मला हसू आवरलं नाही. तुम्हीही हसला असाल.

घरात मी एकटा आहे. दुपारची वेळ आहे. बाहेर ऊन आहे.

मी हसायचा थांबलो, तरी हसू लगेच थांबलं नाही.

शेवटी थोडा खोकला आला...

मला खोकला नाही.